प्रगतिपुस्तक वाचायचे कोणी?

महाराष्ट्र दिनाच्या सुमारास दरवर्षी जिल्हा परिषदेच्या आणि महापालिकेच्या शाळांतून मुलांच्या हाती प्रगतिपुस्तके पडतात. नाशिक जिल्ह्यात तेव्हा निफाड-दिंडोरीकडचा द्राक्षाचा हंगाम उरकत आलेला असतो, लासलगावच्या बाजारात उन्हाळ कांदा येत असतो आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांतला कंत्राटी कामगार नेहमीसारखाच पाळीवर असतो. संध्याकाळी पोरगे पुस्तक पुढे करते. बाप 'ब-२', 'क-१' अशी अक्षरे पाहतो आणि विचारतो, "पास झाला ना?" पोरगे हो म्हणते. सही होते, नाही तर अंगठा होतो. पुस्तक शाळेत परत जाते आणि कपाटात बसते. आपल्या मुलाला वाचता येते की नाही, हे या सगळ्या व्यवहारात कोणी कोणाला सांगितलेले नसते.

अत्याचाराची प्रकरणे, अडकलेल्या शिष्यवृत्त्या, रिकामे अनुशेष यांच्या गर्दीत प्राथमिक शाळेच्या प्रगतिपुस्तकावर लेख कशाला, असे आमच्या काही वाचकांना वाटेल. आमचे मत वेगळे आहे. सरकार आमच्या घरात जे कागद पाठवते त्यांतला बहुतेक कागद आमच्याकडून काहीतरी मागतो : जातीचा दाखला आणा, उत्पन्नाचा आणा, रहिवासाचा आणा, आधार जोडा. आम्हाला काही सांगण्यासाठी येणारा कागद जवळजवळ हा एकच आहे. तोच जर मुका असेल, तर तो क्षुल्लक विषय कसा?

१२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणावरील खर्चावर बोलताना बाबासाहेबांनी एक हिशेब मांडला होता. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या दर शंभर मुलांपैकी केवळ १८ मुले चौथीपर्यंत पोहोचतात आणि उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जाऊन पडतात, हा तो हिशेब. शाळेच्या दारातून आत आलेले मूल आयुष्यभर साक्षर राहील इतके शिकूनच बाहेर पडले पाहिजे, ही त्यांनी प्राथमिक शिक्षणाला लावलेली कसोटी होती. किती मुले दाखल झाली ही कसोटी नव्हती, किती वर चढवली हीसुद्धा नव्हती.

आज ती ८२ मुले चौथीच्या आधी शाळा सोडून जात नाहीत. ती पटावर असतात, पोषण आहार घेतात, गणवेश घेतात, पाचवीत जातात, आठवीत जातात. गळती थांबली असे सरकार म्हणते, आणि पटाच्या हिशेबाने ते बऱ्याच अंशी खरेही आहे. पण 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील सरकारी शाळांत पाचवीत शिकणाऱ्या मुलांपैकी ४४.८ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. हा आकडा देशाचा आहे. त्याचा अर्थ असा, की पूर्वी शाळेच्या फाटकाबाहेर होणारी गळती आता वर्गाच्या आत होते. बाहेर पडलेले मूल निदान दिसत तरी होते. वर्गात बसून गळालेले मूल दिसावे यासाठी प्रगतिपुस्तक हेच साधन आहे आणि तेच त्याला झाकून टाकते.

हे कसे घडले ते समजून घेतले पाहिजे. ज्यांनी २०१० पूर्वीचे प्रगतिपुस्तक पाहिले आहे त्यांना नापास विषयाखालची लाल शाईची रेघ आठवत असेल. शेवटी 'वर चढविला' असा शेरा असे, किंवा नसे. त्या लाल रेघेने आमच्या दोन-तीन पिढ्यांना 'तुझ्या डोक्यात जात नाही' हे शिकवले आणि वीटभट्टीवर, नाक्यावर नेऊन उभे केले. ती रेघ गेली याचे आम्हाला दुःख नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याने मुलाच्या आकलनाचे सातत्यपूर्ण आणि सर्वंकष मूल्यमापन सांगितले. त्यानुसार महाराष्ट्राने २० ऑगस्ट २०१० रोजी शासन निर्णय काढला. वर्षभर चालणारे ते आकारिक मूल्यमापन आणि सत्राच्या शेवटी होणारे ते संकलित. पहिली-दुसरीला आकारिकला ७० टक्के भार आणि संकलितला ३०. वरच्या वर्गांत हे प्रमाण उलटत जाते. गुणांच्या जागी अ-१ पासून इ-२ पर्यंत श्रेणी आल्या. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वर्णनात्मक नोंदी आल्या : मुलाची विशेष प्रगती कशात, आवड कशाची, सुधारणा कुठे हवी, हे शिक्षकाने स्वतःच्या शब्दांत लिहायचे.

कल्पना चांगली होती. मुलाला आकड्यात न मोजता त्याच्याविषयी दोन वाक्ये लिहा, असे सांगणारा शासन निर्णय वाईट म्हणता येणार नाही. पण ती दोन वाक्ये कोणासाठी लिहायची, हे ठरले नाही. किंवा ठरले ते असे, की केंद्रप्रमुख येतील, विस्तार अधिकारी येतील, ते रकाना भरलेला आहे का एवढेच पाहतील. मग रकाना भरण्याचा धंदा सुरू झाला. बाजारात वर्णनात्मक नोंदींच्या तयार पुस्तिका आल्या. विषयवार, इयत्तावार याद्या मोबाइलवरून फिरू लागल्या. चाळीस मुलांच्या वर्गात एकेका मुलाच्या आठ विषयांच्या नोंदी दोन सत्रांत लिहायच्या म्हणजे सहाशेहून अधिक नोंदी. यादी पुढे ठेवायची आणि उतरवत जायचे. वर्गात जितकी मुले तितकी माणसे, ही गोष्ट त्या यादीत उरत नाही.

गेल्या काही वर्षांत नाशिकच्या वस्त्यांत आणि आसपासच्या तालुक्यांत आम्ही अशी बरीच पुस्तके चाळली. शाळांची नावे घेण्यात अर्थ नाही, कारण नोंदी सगळीकडे त्याच. त्यांचे मराठीतून मराठीत भाषांतर करून पाहण्यासारखे आहे.

'वर्गात शांत बसते.' ही नोंद बहुधा मुलीच्या पुस्तकात असते आणि 'विशेष प्रगती'च्या रकान्यात असते. आईला ती वाचून बरे वाटते, पोरगी गुणाची आहे. पण जिला काही समजत नाही ती मुलगीही शांतच बसते. मागच्या ओळीत बसलेली, फळा नीट न दिसणारी, चष्मा लागला आहे हे कोणाच्याच लक्षात न आलेली मुलगीही शांतच बसते. शांत बसणे ही प्रगती आहे की हाक आहे, हे त्या चार शब्दांतून कळत नाही.

'वाचनात सुधारणा आवश्यक.' किती? अक्षर ओळखत नाही, की काना-मात्रा चुकते, की जोडाक्षराला अडते, की वाचते पण अर्थ लागत नाही? या चार वेगवेगळ्या अडचणी आहेत आणि चौघांवरचे उपाय वेगळे आहेत. दवाखान्यातून 'तब्येतीत सुधारणा आवश्यक' एवढीच चिठ्ठी मिळाली तर आपण डॉक्टरला सोडू का?

'पालकांनी घरी अभ्यास घ्यावा.' हे वाक्य वरवर सल्ल्यासारखे दिसते, पण आमच्या दृष्टीने ते सर्वांत दाहक आहे. ज्या घरात आई सकाळी सातला द्राक्षबागेच्या गाडीत बसते आणि दिवेलागणीला परत येते, जिथे दोघेही चौथीच्या पुढे गेले नाहीत, त्या घराला हे वाक्य काय सांगते? ते सांगते, की तुझे मूल मागे आहे आणि त्याचा दोष तुझा आहे. शाळेने आपली जबाबदारी एका ओळीत घराकडे ढकलून दिलेली असते आणि खाली आईचाच अंगठा घेतलेला असतो.

आणि चौथी नोंद : 'भाषा अशुद्ध आहे', 'उच्चार अशुद्ध'. मालेगाव, बागलाणच्या घरात अहिराणी बोलली जाते. सुरगाणा-पेठकडचे मूल कोकणी समाजाची बोली बोलत शाळेत येते. आमच्या वस्त्यांतल्या मराठीचा आपला ठेका आहे. ही बोली मुलाला आईच्या मांडीवर मिळालेली असते. शाळेची लिहायची मराठी त्याला शिकायची आहे, त्याबद्दल वाद नाही. ती शिकवणे हेच शाळेचे काम. पण 'शिकतो आहे' हा एक शब्द आहे आणि 'अशुद्ध' हा दुसरा. शुद्ध-अशुद्ध या शब्दांनी ज्या समाजाला विहिरीपासून देवळाच्या पायरीपर्यंत अडवले, त्या समाजाच्या सहा वर्षांच्या मुलाच्या पुस्तकात तो शब्द सरकारी शाईने लिहू नये, एवढे तरी शिक्षण खात्याला कळायला हवे. काळारामाच्या गावात तर हे सांगायची वेळ येऊ नये.

आता हा विषय निकडीचा का झाला ते पाहा. २०१९ मध्ये केंद्राने शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती केली आणि पाचवी व आठवीला परीक्षा घेऊन नापास मुलांना त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना दिली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलले आणि २०२३-२४ पासून या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा सुरू झाली. नापास झालेल्या मुलाला दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षेची संधी आहे. त्यातही नापास झाला तर तो त्याच वर्गात राहू शकतो. शाळेतून मात्र त्याला काढता येत नाही. हे धोरण बरे की वाईट यावर स्वतंत्रपणे लिहिता येईल. इथे प्रश्न साधा आहे. पहिलीपासून चौथीपर्यंत चार वर्षे, आठ सत्रे, ज्या आईच्या हाती 'वाचनाची आवड आहे', 'उपक्रमात सहभागी होतो' अशा नोंदी दिल्या, तिला पाचवीच्या अखेरीस एकदम 'नापास' हा शब्द ऐकवायचा, याला काय म्हणावे? लाल रेघ चार वर्षे लपवून ठेवली आणि पाचव्या वर्षी एकदम ओढली. मधल्या काळात जे करता आले असते त्याची संधी मुलाला मिळाली नाही, आईलाही मिळाली नाही.

ज्यांच्या घरात शिकलेली माणसे आहेत त्यांचे यात फार बिघडत नाही. ते प्रगतिपुस्तकावर अवलंबून नसतात. वहीचे पान उलटताच त्यांना कळते, शिकवणी लागते, शिक्षकाला फोन जातो. प्रगतिपुस्तकावर खऱ्या अर्थाने अवलंबून असतो तो पहिल्या पिढीचा पालक, आणि तो पुस्तकाचा शब्द न् शब्द खरा मानतो. म्हणून गुळगुळीत नोंदीची किंमत सगळ्यांत जास्त तोच मोजतो.

मग नोंद कशी असावी? त्यासाठी भारी शिक्षणशास्त्र लागत नाही. उदाहरणादाखल तिसरीतल्या एका मुलीची नोंद आम्ही अशी लिहू : 'साधे शब्द आणि छोटी वाक्ये न अडखळता वाचते. "मित्र", "प्रकाश", "रस्ता" असे जोडाक्षराचे शब्द आले की थांबते. गोष्ट ऐकून पुन्हा सांगते, ती छान सांगते. वजाबाकी हातचा नसेल तर जमते, हातचा घेताना चुकते. जूनपासून रोज परिपाठानंतर पंधरा मिनिटे तिचे जोडाक्षरांचे वाचन वर्गात घेणार आहोत. घरी तिला दुकानांच्या, एसटीच्या पाट्या मोठ्याने वाचायला सांगा. तुम्हाला वाचता येत नसले तरी चालेल, फक्त ऐका.' या नोंदीत मुलीला काय येते ते आधी आहे, कुठे अडते ते नेमके आहे, शाळा काय करणार ते तारखेसह आहे आणि आईला जमेल एवढेच काम आईला दिले आहे. ही नोंद कोणी वाचून दाखवली तरी आईला समजते. पुढच्या सत्रात ती विचारू शकते, "बाई, जोडाक्षराचं काय झालं?" हा प्रश्न विचारता येणे म्हणजेच पालकाचा सहभाग. बाकी स्नेहसंमेलनाला खुर्च्या लावणे वगैरे ठीक आहे.

शिक्षक म्हणतील, वेळ कुठे आहे? त्यांची बाजू आम्हाला मान्य आहे. मतदारयाद्या, निवडणुका, सर्वेक्षणे, पोषण आहाराचे हिशेब, 'सरल' आणि 'यू-डायस'वर भरायची माहिती. दोन शिक्षकी शाळेत एक जण बैठकीला गेला की दुसऱ्याने चार वर्ग सांभाळायचे. त्यातले बरेच शिक्षक आमच्याच घरांतून गेलेले आहेत. त्यांच्यावर दात काढून प्रश्न सुटणार नाही. पण मग सहाशे पोकळ नोंदी कशाला? प्रत्येक विषयाला नोंद हवीच हा हट्ट खात्याने सोडावा. भाषा आणि गणित यांच्याबद्दल चार-पाच खरी वाक्ये लिहावीत आणि मुलाच्या एखाद्या गुणाबद्दल एक वाक्य, पुरे. अध्ययन निष्पत्ती २०१७ मध्ये नियमांत आल्या, त्या पाठ्यपुस्तकांतही छापल्या जातात. कोणत्या इयत्तेत काय यायला हवे हे तिथे तयार आहे. त्या यादीसमोर मूल कुठे उभे आहे एवढे सांगितले तरी काम होते.

श्रेणीविषयीही थोडे बोलले पाहिजे. नुसत्या आकड्याला किंवा अक्षराला मुलाचे भविष्य समजणारे आमच्यातही पुष्कळ आहेत. धनंजय कीर यांनी बाबासाहेबांच्या चरित्रात नोंदवले आहे, की १९०७ साली मॅट्रिकला त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले. टक्केवारी काढली तर ३७.६. आजच्या कोष्टकात ही 'ड' श्रेणी होते. त्या 'ड'ने त्या मुलाच्या वाचनाविषयी, त्याच्या भुकेविषयी काय सांगितले असते? काहीच नाही. ते कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी ओळखले. बागेत बसून पुस्तक वाचणारा मुलगा त्यांनी पाहिला होता. मॅट्रिकच्या सत्कारात त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हाती ठेवले. मुलाकडे नीट पाहणारा माणूस आणि कोष्टकातले अक्षर यांत हा फरक आहे, आणि वर्णनात्मक नोंदीचा रकाना त्या पाहणाऱ्या माणसासाठीच ठेवलेला आहे.

नव्या शैक्षणिक धोरणाने २०२० मध्ये 'समग्र प्रगती पत्रक' आणण्याचे सांगितले आहे. त्यात शिक्षकाबरोबर मुलाने स्वतःचे आणि सोबत्यांनी एकमेकांचे मूल्यमापन करायचे आहे. 'परख' या राष्ट्रीय संस्थेने त्याचे नमुनेही केले आहेत. पाने जास्त, चित्रे जास्त, रकाने जास्त. ते वाईट होईलच असे आम्ही म्हणत नाही. पण २०१० चा अनुभव ताजा आहे : रकाने वाढले की तयार नोंदींच्या पुस्तिका जाड होतात. पत्रक कितीही पानी असो, ते घरी पोहोचल्यावर आईला काय समजले, यावरच ते तपासावे.

आणि आता आमच्या कार्यकर्त्यांसाठी. कायद्याचे कलम २४ वाचून ठेवा. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून गरज असेल तिथे जादा शिकवणे, आणि पालकांच्या नियमित बैठका घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि शिकण्यातली प्रगती त्यांना सांगणे, हे त्या कलमाने शिक्षकाचे कर्तव्य ठरवले आहे. म्हणजे 'माझ्या मुलाला नेमके काय येते ते सांगा' असे विचारणे ही मेहेरबानी मागणे नाही. कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत आणि वंचित घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाली पाहिजे. नाशिकमधल्या किती समित्यांत आमच्या बाया नुसत्या सहीपुरत्या आहेत, याचा शोध फुलेनगरपासून नाशिकरोडपर्यंत आमच्या मंडळांनी घ्यायला हरकत नाही. जयंतीची वर्गणी ज्या घरोघर जाऊन गोळा करतो, त्याच घरांत एकदा प्रगतिपुस्तक पाहायला बसावे.

शाळेवर विसंबून राहायचे नसेल तर तपासणी घरीही करता येते. 'असर'वाले जे करतात ते कोणीही करू शकतो : सुटी अक्षरे, साधे शब्द, चार ओळींचा उतारा आणि एक छोटी गोष्ट. मूल कोणत्या पायरीवर थांबते ते बघायचे. पाच मिनिटे लागतात. बारावी झालेली शेजारची पोरगी वस्तीतल्या वीस मुलांची तपासणी एका रविवारी विहारात बसून करू शकते. मात्र एक पथ्य हवे. चार लोकांत नाव घेऊन कोण मागे ते जाहीर करायचे नाही. जे सांगायचे ते आईबापाला, बाजूला घेऊन.

आपल्याच जिल्ह्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक मोठेपणी अक्षरे शिकले. कोणी तरी पत्र वाचून घ्यायला आले आणि ते वाचता येईना, तेव्हा लागलेल्या लाजेने ते शिकायला बसले. मुंबईच्या कामगार वस्तीत त्यांना शिकवणारा माणूस भेटला म्हणून महाराष्ट्राला वामनदादा मिळाले. त्यांना शाळाच मिळाली नव्हती. आजच्या मुलाला शाळा मिळाली आहे, आठ वर्षे मिळाली आहेत. तरीही आठवीच्या शेवटी त्याला पत्र वाचता येत नसेल, तर त्या आठ वर्षांची सोळा सत्रांची प्रगतिपुस्तके कपाटातून काढून समितीच्या टेबलावर ठेवावी लागतील, आणि प्रत्येक नोंदीखाली कोणाची सही आहे ते वाचावे लागेल.

जून महिन्यात शाळा उघडल्या की समितीची पहिली बैठक लागेल. तिथे ठराव मांडायला सोपा आहे : या वर्षी प्रत्येक मुलाच्या पुस्तकात भाषा आणि गणितात नेमके काय येते, कुठे अडते आणि शाळा काय करणार हे साध्या मराठीत लिहावे, दोन्ही सत्रांच्या शेवटी ते पालकाला वाचून दाखवावे, ज्या पालकांना दिवसा येणे जमत नाही त्यांच्यासाठी बैठक सुटीच्या दिवशी किंवा संध्याकाळी ठेवावी. ठराव इतिवृत्तात लिहून घ्यावा आणि त्याची प्रत आपल्याजवळ ठेवावी.